क्रॉफ्टच्या गाड्या, मुंबईचे जहाज

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टीज नदीच्या मुखाजवळच्या ज्या भागात मी राहते, तिथे छायाचित्रणाचे दोन फार वेगळे विषय मोटारीने तासाभराच्या आत गाठता येतात. डार्लिंग्टनच्या दक्षिणेला क्रॉफ्टचे रेसिंग सर्किट आहे, आणि हार्टलपूलच्या गोदीत एचएमएस ट्रिंकोमाली ही शिडांची जुनी युद्धनौका अजूनही पाण्यावर तरंगते आहे. सुरुवातीला मी या दोन्हींसाठी वेगळ्या लेन्स बाळगत असे, वेगळ्या वेळा निवडत असे आणि एकीकडे शिकलेल्या गोष्टीचा दुसरीकडे काही उपयोग होईल असे मला वाटत नसे. बऱ्याच सरावानंतर लक्षात आले, की दोन्ही ठिकाणी निर्णय एकच असतो: कॅमेऱ्याने कोणाबरोबर हलायचे आणि कोणाला आपल्यासमोरून हलू द्यायचे. तो निर्णय घ्यायला मी कशी शिकले, त्याची ही हकिगत आहे.

क्रॉफ्टची जागा मुळात लष्करी विमानतळाची. दुसऱ्या महायुद्धात तिथून कॅनडाच्या हवाई दलाची बॉम्बफेकी विमाने उडत असत, आणि युद्ध संपल्यावर मोकळ्या पडलेल्या धावपट्ट्यांवर पुढे मोटारी धावू लागल्या. सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड ही प्रसिद्ध सर्किटेही अशाच विमानतळांवर उभी राहिली आहेत. छायाचित्र काढणाऱ्याला या इतिहासाचा परिणाम आजही भोगावा लागतो, कारण विमानतळाची जमीन सपाट असते, झाडी विरळ असते आणि आकाश फार मोठे असते. नुसत्या आकाशाच्या किंवा एकसारख्या गवताच्या पार्श्वभूमीवर गाडीचा वेग दिसत नाही. वेगाच्या रेघा उमटायला मागे काहीतरी तुटक, रंगीबेरंगी असावे लागते: प्रेक्षकांची गर्दी, जाहिरातींचे फलक, टायरांच्या रंगवलेल्या भिंती किंवा निदान एखादे विस्कळीत कुंपण. त्यामुळे सर्किटवर पोचल्यावर मी आधी गाड्यांकडे बघत नाही. गाडी जिथून जाणार आहे त्या जागेच्या मागे काय आहे, ते बघत फिरते.

मी मुख्यतः जुन्या गाड्यांच्या शर्यतींना जाते. आजची शर्यतीची गाडी कितीही वेगवान असली तरी तिचा चालक हेल्मेट, पट्टे आणि संरक्षक सांगाड्याच्या आड जवळजवळ नाहीसा झालेला असतो, आणि गाडी वळणावरही रस्त्याला चिकटून जाते. १९६०च्या दशकातल्या सलून गाड्यांचे, म्हणजे छत असलेल्या नेहमीच्या प्रवासी गाड्यांवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांचे, तसे नसते. त्यांचे टायर अरुंद, स्प्रिंगा मऊ आणि शरीर उंच, त्यामुळे वळण घेताना गाडीवर किती ताण पडतो आहे ते बाहेरून उघड दिसते. लोटस कॉर्टिना वळणावर आतल्या बाजूचे पुढचे चाक उचलते. मिनी ही छोटी गाडी मागचे उचलते. स्कॉटलंडच्या जिम क्लार्कने १९६४ची ब्रिटिश सलून कार स्पर्धा याच लोटस कॉर्टिनात बसून जिंकली होती, आणि क्रॉफ्टच्या एका जोडवळणाला त्याचे नाव आहे. त्या जोडवळणातून आजही एखादी पांढरी, हिरव्या पट्ट्याची कॉर्टिना तीन चाकांवर येताना दिसली, की छायाचित्रणाच्या आधी नुसते पाहण्यातच मला मोठा आनंद होतो.

मोटारशर्यतीचे फोटो काढू लागणारा जवळजवळ प्रत्येक जण सुरुवातीला शटरचा वेग जमेल तितका वाढवतो, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घेणारा पडदा कमीत कमी वेळ उघडा ठेवतो, कारण गाडी अस्पष्ट येईल ही धास्ती मोठी असते. १/१००० सेकंदाला फोटो स्वच्छ येतो, दारावरचा आकडा आणि चालकाचे नाव वाचता येते, आणि तरीही त्या फोटोतली गाडी रस्त्यात उभी करून ठेवल्यासारखी दिसते. कारण साध्या गणितात आहे. ताशी १५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ४२ मीटर अंतर कापते. कॉर्टिनासारख्या गाडीच्या चाकाचा टायरसकट व्यास ६० सेंटिमीटरच्या आसपास धरला, तर ते चाक सेकंदाला २२ फेरे घेते. १/१००० सेकंदात गाडी जेमतेम चार सेंटिमीटर सरकते आणि चाक आठ अंशांच्या आसपास फिरते, म्हणजे ते फोटोत थिजलेलेच दिसते. १/१२५ सेकंदात तेच चाक साठ अंशांहून थोडे अधिक फिरते आणि त्यावरची नक्षी विरघळू लागते. १/६० सेकंदात चाक एक-तृतीयांश फेऱ्याच्या पुढे जाते, गाडी ७० सेंटिमीटर सरकते, आणि चाकाच्या जागी एक गुळगुळीत वर्तुळ उरते. डोळ्याला वेग जाणवतो तो इथे. मात्र एवढी सरकणारी गाडी स्पष्ट यायची असेल, तर शटर उघडे असेपर्यंत कॅमेऱ्यालाही तिच्याबरोबर तितक्याच गतीने वळावे लागते. याच क्रियेला पॅनिंग म्हणतात, आणि माझा बहुतेक सराव या एका क्रियेवर खर्च झाला आहे.

पॅनिंगचे बळ हातात नसते, कंबरेत असते. गाडी ज्या जागी टिपायची आहे त्या जागेकडे तोंड करून मी पावले रोवते, आणि मग पावले न हलवता कमरेपासून वरचे शरीर गाडी येते त्या दिशेला वळवते. यामुळे शरीराला पडलेला पीळ गाडीबरोबर उलगडत जातो आणि नेमक्या क्षणी आपण सर्वांत सैल, सर्वांत स्थिर असतो. कोपर बरगड्यांना टेकलेले, डावा तळहात लेन्सच्या खाली, आणि फोकसचा बिंदू चालकाच्या हेल्मेटवर. गाडी दुरून दिसू लागल्यापासून तिला चौकटीत धरायचे, तिची गती अंगात भिनू द्यायची, बटण हलकेच दाबायचे आणि दाबल्यानंतरही वळणे थांबवायचे नाही. बटण दाबताच जो थांबतो, त्याच्या थांबण्याचा धक्का शेवटच्या फोटोत उतरतो. कॅमेरा शटरच्या वेगाला प्राधान्य देणाऱ्या मोडवर, फोकस सतत बदलत राहणारा, आणि लेन्समधली कंप रोखणारी यंत्रणा असेल तर ती फक्त उभ्या दिशेचा कंप रोखेल अशा मोडवर ठेवावी लागते. नाहीतर आडव्या वळण्यालाही ती यंत्रणा हाताचा कंप समजते आणि आपण उजवीकडे वळत असताना चित्र डावीकडे ओढू लागते.

सकाळच्या सराव फेऱ्यांत मी १/५०० पासून सुरुवात करते. तिथे हात जमला की १/२५०, मग १/१२५, आणि दुपारच्या शर्यतीपर्यंत १/६०. एकदम खाली उतरले तर काय बिघडते आहे ते समजत नाही. पायरीपायरीने उतरले तर कळते, की आज आपण गाडीच्या मागे पडत आहोत की पुढे जात आहोत. एकामागोमाग काढलेल्या फोटोंत गाडी चौकटीत पुढे सरकत गेलेली दिसली की आपला हात मागे पडतो आहे. १/६० ला बहुतेक फोटो टाकून द्यावे लागतात, आणि ते स्वीकारूनच तिथे उभे राहायचे असते. जो एखादा फोटो जमतो, त्यात चालकाचा चेहरा, त्याच्या मनगटांचा कोन आणि स्टिअरिंगवरची त्याची बोटेही दिसतात, आणि त्याच्याभोवतीचे सारे जग रेघांत वितळलेले असते.

उन्हाचे गणित मात्र आड येते. ऑगस्टच्या स्वच्छ उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १०० वर ठेवून १/६० सेकंद वापरायचे, तर लेन्सचे छिद्र एफ/२० पर्यंत बारीक करावे लागते (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र बारीक). इतक्या बारीक छिद्राने चित्राची धार बोथट होते, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने आकाशात दिसू लागते, आणि सर्वांत वाईट म्हणजे समोरची तारेची जाळी चित्रात येते. प्रेक्षकांसाठीच्या बहुतेक जागा जाळीच्या मागे असतात. जाळी नाहीशी करण्याचा उपाय म्हणजे लेन्स तिच्या अगदी जवळ नेणे आणि छिद्र मोठे ठेवणे, म्हणजे तारा इतक्या फोकसबाहेर जातात की दिसतच नाहीत. मोठे छिद्र आणि मंद शटर एकत्र हवे, तर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा लागतो. तीन स्टॉपच्या, म्हणजे उजेड तीनदा निम्मा करणाऱ्या, फिल्टरने एफ/२० चे एफ/७ होते आणि २०० मिलिमीटरच्या लेन्सपुढची जाळी विरून जाते. एवढे करूनही तारांवर ऊन पडलेले असेल तर त्यांचा उजेड चित्रावर पांढरट पडद्यासारखा पसरतो. म्हणून मी जाळीचा सावलीतला तुकडा शोधते. तो नाही मिळाला तर शेजारच्या कुणाला तरी जाळीवर सावली पडेल असे उभे राहण्याची विनंती करते, आणि क्रॉफ्टचे प्रेक्षक ती आनंदाने मान्य करतात.

आणखी एक गोष्ट पॅनिंगने शिकवली, जिचा पुढे जहाजाच्या वेळी उपयोग झाला. गाडी समोरून काटकोनात जात असेल, तर तिचे नाक, दार आणि शेपूट कॅमेऱ्यासमोरून जवळपास सारख्याच गतीने सरकतात, त्यामुळे अख्खी गाडी स्पष्ट येऊ शकते. तीच गाडी तिरकी आपल्याकडे येत असेल, तर जवळ असलेले नाक चौकटीत वेगाने मोठे होत जाते आणि मागचा भाग सावकाश सरकतो. अशा वेळी मंद शटरला गाडीचा एकच भाग स्पष्ट येणार, आणि तो कोणता हे आपण ठरवायचे. मी बहुधा चालक निवडते. काही जण गाडीच्या नाकावरचे कंपनीचे चिन्ह निवडतात, तेही शोभते. पण जुन्या गाडीत जिवंत माणूस दिसत असताना त्याला सोडून पत्रा स्पष्ट ठेवणे मला पटत नाही. हेअरपिनच्या, म्हणजे जवळजवळ उलट दिशेला फिरवणाऱ्या, वळणावर, जिथे गाड्या सर्वांत सावकाश असतात, तिथे मी शटर पुन्हा १/२०० पर्यंत चढवते. तिथे पाहायची गोष्ट वेग नसते, ताण असतो: उचललेल्या चाकाखालचा उजेड, बाहेरच्या टायरची दुमडलेली कड, आणि पुढच्या वळणाकडे आधीच वळलेली चालकाची मान.

ट्रिंकोमालीकडे मी प्रथम गेले ती मुंबईची मुलगी म्हणून. लायन गेटवरून जाताना आतल्या गोदीत कधीकाळी इंग्रजांच्या युद्धनौका बांधल्या जात, हे ऐकून ठाऊक होते. त्यांतली एक इथे, माझ्या घरापासून एवढ्या जवळ तरंगते आहे, हे मात्र इथे आल्यावर समजले. वाडिया घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. ट्रिंकोमाली बांधली ती जमशेटजी बोमनजी वाडियांनी, मलबारच्या सागवानात. तिचे नकाशे घेऊन मुंबईकडे निघालेली एचएमएस जावा ही नौका डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या नौकेने लढाईत हरवली, आणि नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. एप्रिल १८१६ मध्ये पारशी प्रथेप्रमाणे जहाजाच्या तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकून बांधणी सुरू झाली, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. तोवर नेपोलियनशी चाललेले युद्ध संपून गेले होते. त्यामुळे इंग्लंडला पोचल्यावर त्याला कितीतरी वर्षे राखीव ताफ्यात पडून राहावे लागले. पुढे १८४७ ते १८५७ या काळात ते वेस्ट इंडीज, उत्तर अमेरिका आणि पॅसिफिकमध्ये फिरले, नंतर प्रशिक्षणनौका झाले, १८९७ मध्ये भंगारात निघता निघता वाचले, आणि १९८७ मध्ये डागडुजीसाठी हार्टलपूलला आणले गेले. १९९० ते २००१ ही वर्षे त्या कामाला लागली. ब्रिटनची पाण्यावर असलेली सर्वांत जुनी युद्धनौका ती हीच. याच जातीची, पण ओकच्या लाकडात बांधलेली एचएमएस युनिकॉर्न स्कॉटलंडमध्ये डंडीला आहे. तिच्यावर डोलकाठ्या कधी पूर्ण चढल्याच नाहीत आणि डेकवरचे छप्पर आजही तसेच आहे. ज्यांना ट्रिंकोमालीची ओढ वाटते, त्यांनी तीही अवश्य पाहावी.

जहाजाच्या बाहेरून फोटो काढताना पहिली अडचण त्याच्या उंचीची. धक्का अरुंद आहे, आणि धक्क्यावरून कॅमेरा वर उचलून डोलकाठ्यांची टोके चौकटीत घेतली, की तिन्ही काठ्या वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात आणि जहाज मागे कलंडते आहे असे वाटते. संगणकावर ते सरळ करता येते, पण कडा फार कापाव्या लागतात. मी गोदीच्या पलीकडच्या बाजूने, शक्य तितक्या दुरून, कॅमेरा अगदी सपाट धरून उभे फोटो काढते आणि ते जोडते. काळे अंग, त्यावरचा तोफांच्या खिडक्यांचा पांढरा पट्टा आणि मागे उत्तर समुद्राचे फिकट आकाश, यांच्यातला उजेडाचा फरक एका फोटोत मावत नाही. भर उन्हात तर काळे अंग नुसती काळी भिंत होते. या किनाऱ्यावर नेहमी असणारा पातळ ढगांचा दिवस इथे सर्वांत चांगला. त्या मऊ उजेडात फळ्यांमधले सांधे आणि शिडांच्या दोरांचे पीळ वेगवेगळे दिसतात. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, फेटा बांधलेल्या पुरुषाची अर्धमूर्ती आहे. तिच्यासाठी मी लांब लेन्स लावून बाजूने उभी राहते, म्हणजे मागे फक्त काळे अंग येते आणि चेहरा उठून दिसतो.

संध्याकाळच्या फोटोंनी मात्र मला विचारात पाडले. हिवाळ्यात इथे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, आणि दिवे लागल्यावर तीस सेकंदांचे शटर वापरून जहाज आणि त्याचे पाण्यातले प्रतिबिंब टिपता येते. ट्रायपॉड भक्कम, कॅमेऱ्याला हात न लावता रिमोटने शटर, मागच्या इमारतींची प्रत्येक वीट स्पष्ट, आणि तरीही डोलकाठ्यांच्या वरच्या आडव्या काठ्या आणि दोर दुहेरी आलेले. जहाजाचा खालचा भाग जवळपास नीट होता. जितके वर जावे तितकी रेघ जाड होत जात होती. गोदीतले पाणी शांत असते, पण जहाज तरंगते आहे, आणि एवढ्या उंच काठ्यांवर वाऱ्याची झुळूक आली की ते किंचित झुकते. खाली बोटभर झुकाव झाला तर वरच्या टोकाला तो कितीतरी वाढतो. तिरक्या येणाऱ्या गाडीसारखेच हे: एकाच वस्तूचे वेगवेगळे भाग कॅमेऱ्यासमोर वेगवेगळ्या गतीने सरकत होते. त्यानंतर संध्याकाळीही मी आयएसओ वाढवून शटर एका सेकंदाच्या आत आणते, तसे अनेक फोटो काढते, आणि पाण्याची गुळगुळीत झळाळी हवी असेल तर पाण्यापुरता वेगळा लांब शटरचा फोटो जोडते. वारा पूर्ण पडलेली संध्याकाळ मिळाली तर एकाच फोटोत सारे जमते, पण हार्टलपूलला तशी संध्याकाळ क्वचित मिळते.

जुलै २०२३ मध्ये टॉल शिप्स रेसेसच्या निमित्ताने शिडांची मोठी जहाजे हार्टलपूलला आली, तेव्हा चालती जहाजे टिपण्याची संधी मिळाली. मोटारीसारखे त्यांना पॅन करून वेग दाखवावा, असा मोह मला झाला आणि मी तसे करून पाहिले. आठ नॉट म्हणजे सेकंदाला चार मीटर. त्यासाठी शटर १/१५ च्याही खाली आणावे लागते, आणि तेवढ्या वेळात जहाजाचे अंग पुढे जाते, डोलकाठ्यांची टोके आडवी झुलतात आणि लाटा तिसऱ्याच दिशेला जातात. या तिन्हींबरोबर एकदम वळता येत नाही. शिडाच्या जहाजाचा वेग वेगळ्या खुणांनी दिसतो: फुगलेल्या शिडांचा गोलावा, वाऱ्याकडून झुकलेले अंग, नाळेपाशी फुटणारे पांढरे पाणी आणि ताणलेल्या दोरांच्या रेषा. त्यांच्यासाठी १/१००० योग्य ठरते. हार्टलपूलच्या हेडलँड या समुद्रात शिरलेल्या भागाच्या टोकावरून मी अशी जागा धरली, की सूर्य शिडांच्या मागे येईल. समोरून ऊन पडले तर शिडे पांढऱ्या कागदासारखी सपाट दिसतात. मागून पडले तर कापडाची शिवण, दोरांच्या सावल्या आणि आडव्या काठीवर उभ्या असलेल्या खलाशांच्या आकृत्या दिसतात. दुपारनंतर समुद्रावरची हवा थरथरू लागली आणि लांब लेन्सचे फोटो मऊ पडू लागले, तेव्हा मी कॅमेरा ठेवून दिला.

या साऱ्यात मला सर्वांत प्रिय असलेले काम ट्रिंकोमालीच्या पोटातले आहे, आणि ते मला माझ्या मामांनी शिकवले. मामांनी सारी हयात मुंबईत नौकांच्या सुतारकामात घालवली. ते इकडे आले, तेव्हा मी त्यांना जहाज दाखवायला घेऊन गेले. तोफांच्या डेकवर छत ठेंगणे आहे, तुळयांखालून वाकून जावे लागते, आणि उजेड येतो तो फक्त तोफांच्या खिडक्यांतून. मी एका तुळईचा फोटो काढत होते. डागडुजीत घातलेल्या नव्या लाकडाच्या कडा यंत्राने कापलेल्या, सरळ आहेत. जुनी तुळई मात्र काळवंडलेली आणि किंचित ओबडधोबड होती, पण माझ्या फोटोत दोन्ही सारखीच तपकिरी दिसत होती. मामा कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून बघत होते.

“अगं, उजेड समोरून कशाला घेतेस?” ते म्हणाले. “रंधा मारलेली फळी आम्ही कशी बघतो? डोळ्याच्या रेषेत धरून, आडव्या उजेडात. समोरून सगळीच फळी गुळगुळीत दिसते.”

“मग इथे कुठे उभी राहू, मामा?”

“तू नको हलूस. ऊन हलेल. त्या खिडकीतला कवडसा तुळईला घासत जाईल, तेवढी वाट बघ.”

आम्ही वाट पाहिली. कवडसा तुळईच्या बाजूवर आला आणि जवळजवळ समांतर झाला, तेव्हा तिच्यावर लाकूड तासायच्या हाताच्या वाकसाचे उथळ घाव एकामागोमाग एक उठून दिसू लागले. प्रत्येक घाव साधारण तळहाताएवढा लांब, एका बाजूने खोल आणि दुसऱ्या बाजूने वर सरकत संपणारा. मामांनी बोट न लावता हवेतच दाखवले, की हा सुतार तुळईच्या कोणत्या बाजूला उभा होता आणि वाकस कोणत्या दिशेने मारत गेला. साग तेलकट असतो, पाणी आणि कीड त्याला लवकर धरत नाहीत, आणि ओकप्रमाणे तो आतल्या लोखंडी खिळ्यांना खात नाही, हेही त्यांनीच समजावले. दोनशे वर्षे तरंगणाऱ्या जहाजाचे रहस्य मी पुस्तकात वाचलेले होते. सुताराने ते लाकडापाशी उभे राहून सांगितले, तेव्हा त्याचा फोटो कसा काढायचा ते समजले.

तो फोटो मी खिडकीच्या उंबऱ्यावर कॅमेरा टेकवून, एफ/११ ला, चार सेकंद शटर उघडे ठेवून काढला. घरी मोठा करून पाहिला तेव्हा तुळईवरचा प्रत्येक घाव धारदार होता. कडेला दुसऱ्या खिडकीतून दिसणारी धक्क्यावरची इमारत मात्र किंचित पुसटलेली होती. बाहेरून फोटो काढताना माझ्यासाठी धक्का स्थिर होता आणि जहाज हलत होते. आत आल्यावर कॅमेरा जहाजाबरोबर हलला, म्हणून जहाज स्थिर राहिले आणि धक्का हलला. क्रॉफ्टला गाडीबरोबर वळताना कुंपणाच्या ज्या रेघा होतात, त्याच इथे, फार सावकाश आणि फार बारीक, इमारतीच्या कडेला उमटल्या होत्या. तेव्हापासून मी दोन्ही ठिकाणी कामाला सुरुवात करताना आधी हे ठरवते, की आज मी कोणाच्या बाजूने उभी आहे: गाडीच्या की रस्त्याच्या, जहाजाच्या की धक्क्याच्या. ते ठरले की शटरचा आकडा आपोआप ठरतो.

मामांना मी तो फोटो मुंबईला पाठवला. त्यांनी फोनवर मोठा करून बारकाईने पाहिला आणि सांगितले, की घाव छान आले आहेत, पण तुळई जिथे दुसऱ्या लाकडात बसवली आहे तो सांधा अर्धाच दिसतो. सांध्याची खालची कड उजळायची असेल तर उजेड आणखी खालून आला पाहिजे. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १२ अंश वर असतो, आणि तेवढ्या खालून आलेला कवडसा त्या कडेपर्यंत पोचायला हवा. क्रॉफ्टचा हंगाम त्या दिवसांत बंद असतो, त्यामुळे वेळही आहे. ट्रायपॉड डेकवर नेण्यासाठी परवानगी मागितली आहे. ती मिळाली नाही तर उंबऱ्यावर ठेवायला वाळूची एक छोटी पिशवी शिवून ठेवली आहे.